पिनबॉलचं यंत्र आणि आपली पेटी

जुनी वस्तू जपायची म्हणजे काय करायचं, ह्याचं उत्तर आपल्यापैकी बहुतेकांचं ठरलेलं असतं. ती पुसायची, तिला पॉलिश करायचं, आणि दिवाणखान्यात अशा जागी मांडायची की आल्यागेल्याने विचारलंच पाहिजे. ग्रामोफोन असो, पितळी बंब असो की आजोबांची पेटी असो. मला हे पटत नाही. जी वस्तू चालण्यासाठी घडली ती चालती ठेवली तरच जपली, असं माझं मत आहे. बंद पेटीवर फुलदाणी ठेवलेली मी अनेक घरांत पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी मला त्या पेटीची दया आली आहे.

आज हे मत मांडायला जी वस्तू निमित्त झाली ती मात्र आपल्या गावची नाही. ती आहे शिकागोची. पिनबॉलचं जुनं यंत्र, १९६५ सालचं, गॉटलिब कंपनीचं, नाव ‘किंग्ज अँड क्वीन्स’. वेन नायन्स नावाच्या माणसाने त्याची रचना केली आणि काचेवरची राजे-राण्यांची चित्रं काढली रॉय पार्करने. माझा भाचा शिकागोजवळच्या एका गावात राहतो, त्याच्या घराच्या तळघरात हे यंत्र उभं आहे. २०२३ साली मी तीन आठवडे त्याच्याकडे होतो. त्यातल्या निदान दहा संध्याकाळी आम्ही दोघे ह्या यंत्राच्या पोटात डोकं घालून बसलो होतो. बहिणीने नंतर फोनवर विचारलं, अमेरिकेत काय पाहिलंस? मी म्हटलं, तळघर!

पिनबॉल म्हणजे काय, हे आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको. लाकडी पाट, त्यावर अर्धगोलात ठोकलेले खिळे, मध्ये आकडे लिहिलेल्या खळ्या, आणि कडेच्या वाटेने काठीने ढकलायची गोळी. ‘बॅगाटेल’ म्हणायचो आपण. मे महिन्याच्या सुटीत त्याच्यावरून किती भांडणं झाली असतील! हा खेळ मूळ फ्रान्सचा. अमेरिकेत सिनसिनाटीच्या मॉन्टेग्यू रेडग्रेव्हने १८७१ साली त्याला काठीऐवजी स्प्रिंगचा दट्ट्या लावून पेटंट घेतलं. मग १९३१ मध्ये डेव्हिड गॉटलिबचा ‘बॅफल बॉल’ आला आणि मंदीने गांजलेल्या अमेरिकेत एका नाण्यात मिळणारी ही करमणूक दुकानादुकानांत पोचली. तेव्हा एकदा गोळी सुटली की खेळणाऱ्याच्या हातात यंत्राला धक्के देण्यापलीकडे काही उरत नसे. १९४७ साली गॉटलिबच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’त हॅरी मॅब्जने फ्लिपर आणले, म्हणजे बटण दाबल्यावर फटका मारणारे ते छोटे हात. तेव्हापासून गोळी खाली जाऊ द्यायची की परत वर पाठवायची, हे खेळणाऱ्यावर आलं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढची सगळी कोर्टकचेरी ह्याच मुद्द्यावर झाली. हा खेळ नशिबाचा की हुशारीचा? न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया ह्यांनी १९४२ साली ह्या यंत्रांवर बंदी घातली. पोलिसांनी ती जप्त करून मोठ्या हातोड्यांनी फोडली. खुद्द शिकागोत, जिथे ही यंत्रं बनत, तिथेही ती चालवायला सत्तरच्या दशकापर्यंत मनाई होती. म्हणजे कारखाना चालेल पण खेळ नको! अखेर १९७६ साली न्यूयॉर्कच्या नगरसभेपुढे रॉजर शार्प नावाचा एक तरुण पत्रकार प्रत्यक्ष खेळून दाखवायला उभा राहिला. दट्ट्या ओढण्याआधी त्याने सांगितलं की गोळी वरच्या मधल्या वाटेने जाईल. ती तिथूनच गेली, आणि बंदी उठली.

मला हे वाचताना आपली पेटी आठवली. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. कारण काय, तर तिला मींड येत नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींशी जमत नाहीत, आणि ती परदेशी. ही बंदी १९७१ पर्यंत सैल झाली नाही. ह्या तीस-एकतीस वर्षांत गोव्यातल्या देवळांच्या उत्सवांतलं एक तरी नाटक, एक तरी भजन पेटीवाचून झालं असेल का? बोरीच्या पं. तुळशीदास बोरकरांसारख्या माणसाने ह्याच वाद्यावर आयुष्य वाहिलं आणि २०१६ साली पद्मश्री मिळवली. लोकांच्या हातात जी वस्तू असते तिला सरकारी ठरावाने मरण येत नाही. तिला मरण येतं ते दुरुस्त करणारा माणूस संपल्यावर.

आता यंत्राबद्दल. खरी मौज तिथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

ह्या जातीच्या यंत्रांना इलेक्ट्रोमेकॅनिकल म्हणतात. सत्तरचं दशक संपता संपता इलेक्ट्रॉनिक सर्किटची यंत्रं आली आणि ही मागे पडली. भाच्याच्या यंत्रात एकही चिप नाही, ट्रान्झिस्टर नाही. आत ट्रान्सफॉर्मर आहे, तो भिंतीतली वीज उतरवून दिव्यांना सुमारे ६ व्होल्ट आणि कॉइलना सुमारे २५ व्होल्ट देतो. कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं. वीज गेली की त्याच्या पोटातली लोखंडी दांडी आत खेचली जाते. घंटा वाजवणारी कॉइल, गोळी उडवणारी कॉइल, आकड्याचं चाक एक घर पुढे सरकवणारी कॉइल. शिवाय डझनांनी रिले. आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध एक छोटी मोटर, तिच्यावर दातेरी चकत्या, चकत्यांच्या भोवती पितळी पट्ट्या. पन्नास गुण मिळाले की मोटर थोडी फिरते आणि तेवढ्यात दहाच्या चाकाला पाच ठोके देते. ठण् ठण् ठण् ठण् ठण्. तो आवाज स्पीकरचा नव्हे, खऱ्या घंटेचा!

मला सर्वांत आवडलं ते ह्या यंत्राचं लक्षात ठेवणं. कितवी गोळी चालू आहे, किती गुण झाले, किती फुकट खेळ शिल्लक आहेत, हे सगळं कुठलं तरी चाक कुठे उभं आहे ह्यावरून ठरतं. मध्येच वीज घालवा, रात्रभर झोपा, सकाळी काचेतून पाहा, कालचे आकडे तिथेच उभे. वीज गेल्यावर आमच्या घरातल्या घड्याळाचे, राउटरचे आणि मायक्रोवेव्हचे जे हाल होतात ते पाहता मला ह्याचं फारच अप्रूप वाटलं.

आणि म्हणूनच ते दुरुस्त करता येतं. जे बिघडलं ते डोळ्याला दिसतं, फक्त कुठे पाहायचं हे कळलं पाहिजे. मी गेलो तेव्हा भाच्याचं यंत्र एका विचित्र दुखण्याने आजारी होतं. नवा खेळ सुरू करायचं बटण दाबलं की मोटर फिरू लागे आणि थांबतच नसे. घर्र घर्र घर्र. ह्या यंत्रात खेळ सुरू होण्याआधी आकड्यांची सगळी चाकं शून्यावर यावी लागतात. प्रत्येक चाकापाशी एक पट्टी असते, चाक शून्यावर आलं की ती मोटरला तसं कळवते. सगळ्यांनी कळवलं की मोटर थांबते. आमच्या डोळ्यांना तर सगळी शून्यं दिसत होती! मग भाच्याने नकाशा काढला. हा नकाशा म्हणजे जमिनीवर पसरण्याएवढा कागद, त्यावर यंत्रातली प्रत्येक तार, प्रत्येक पट्टी, तारेचा रंग. साठ वर्षांत कापडी वेष्टणाच्या तारांचे रंग असे उडालेत की लाल, नारिंगी आणि तपकिरी ह्यांत फरक करायला टॉर्च लागते. तीन संध्याकाळी आम्ही बोटाने तारा शोधत होतो. शेवटी सापडलं काय? एका चाकाच्या शून्याच्या पट्टीवर काळा थर चढला होता. एवढंच. चाक शून्यावर उभं होतं, पण बिचाऱ्याला ते सांगता येत नव्हतं.

ज्यांनी जुन्या स्कूटरचे पॉइंट घासले असतील त्यांना पुढचं ओळखीचं वाटेल. पण इथे घासण्याचंही तारतम्य आहे. रिलेच्या आणि चाकांच्या पट्ट्यांवरचे टिकले चांदीचे, म्हणजे मऊ. त्यांच्यावर कानस फिरवली की संपले. तिथे स्पिरिटमध्ये बुडवलेली जाड कागदाची पट्टी ओढायची, फारच झालं तर बारीकशा लवचिक दगडाने एक-दोन हात. फ्लिपरचे टिकले टंगस्टनचे, कठीण, कारण तिथे मोठा प्रवाह जातो आणि ठिणग्या उडतात. तिथे कानस चालते. आणि नुसतं घासून भागत नाही. पट्टी वाकवून दोन टिकल्यांमधलं अंतर असं ठेवायचं की मिटताना ते एकमेकांवर किंचित घसटले पाहिजेत. त्या घसटण्यानेच ते पुढचे अनेक महिने स्वतःला साफ ठेवतात. म्हणजे यंत्र खेळत राहिलं तर निम्मी देखभाल ते स्वतःच करतं! फुलदाणीवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं, अशी विनंती.

तेलाची गोष्ट तर आणखी मजेची. आपल्याकडे काही अडलं की पहिला उपाय तेल. ह्या यंत्राला तेल म्हणजे विष. कॉइलमधल्या दांडीला तेल लावलं की ते धूळ धरतं, चिकट होतं आणि दांडी अडकते. दांडी अडकली की कॉइलमध्ये वीज चालूच राहते आणि ती जळते. कॉइलच्या आतली जुनी धातूची नळी काढून नायलॉनची घालायची आणि कोरडीच ठेवायची. पायऱ्यापायऱ्यांनी सरकणाऱ्या चकत्यांना कारखान्यात लावलेलं ग्रीस एव्हाना काकवीसारखं घट्ट झालेलं असतं; ते खरवडून, धुऊन, नवं लावायचं ते अगदी नावापुरतं. लाकडी पाटाला चांगल्या मेणाचा हात द्यायचा, म्हणजे ८० ग्रॅमची ती पोलादी गोळी रंग खरवडत नाही. रबराच्या कड्या झिजल्या की बदलायच्या. आणि फ्यूज नेमून दिलेल्या अँपिअरचाच घालायचा. जुन्या यंत्रांत कुणीतरी केव्हातरी फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळलेला सापडतो म्हणे. ही विद्या फक्त आपल्याकडेच आहे असा माझा समज होता, तो दूर झाला.

एक सावधगिरी मात्र सांगतोच. आत हात घालायचा तो वीज काढून. कॉइलचे व्होल्ट कमी असले तरी भिंतीतून येणारी वीज ट्रान्सफॉर्मरपर्यंत पुरी येते, आणि साठ वर्षांपूर्वीच्या दोरीला अर्थिंगची तार असेलच असं नाही.

आता वादाचा मुद्दा. अशा यंत्रांच्या मालकांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, काहीही बदलू नका, बल्बसुद्धा त्याच नंबरचा हवा. दुसरा म्हणतो, आतल्या रिले, चाकं, मोटर काढून टाका, इलेक्ट्रॉनिक बोर्ड बसवा, बाहेरून जुनं दिसलं आणि खेळ चालला म्हणजे झालं. मी पहिल्या पक्षातही नाही. ४४ नंबरच्या बल्बऐवजी कमी वीज खाणारा ४७ नंबरचा लावला तर काचेमागची उष्णता कमी होते आणि पार्करच्या चित्राचा रंग पापुद्रे होऊन गळायचा थोडा थांबतो. त्याला विरोध कसला करायचा? उद्या कुणाला जुना बल्ब हवा असला तर एका मिनिटात परत लावता येतो. माझी कसोटी एवढीच: केलेला बदल उद्याच्या माणसाला मोडून मागे जाता येईल का? रिले कापून कचऱ्यात टाकल्यावर मागे जाता येत नाही. तिथे माझा साफ नकार.

ही कसोटी मला पिनबॉलने शिकवली नाही, आपल्या देवळांनी शिकवली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली गोव्यातल्या किती देवळांच्या भिंतींवरची कावी चित्रं गेली, ह्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. तांबड्या मातीच्या रंगाची आणि पांढऱ्या चुन्याची ती नक्षी खरवडून तिथे संगमरवर आणि टाइल्स बसल्या. समितीतल्या मंडळींचा हेतू वाईट नव्हता, देवाला चांगलं घर हवं हीच भावना. पण टाइल काढल्यावर खाली कावी सापडणार नाही. गळणारं छप्पर बदला, कुजलेला वासा बदला, त्याशिवाय देऊळ उभं राहायचं नाही. भिंत मात्र राहू द्या, असं म्हणणारा माणूस बैठकीत एकटा पडतो. मी पडलो आहे.

दुसरा प्रश्न भाच्याने परतताना विमानतळाच्या वाटेवर विचारला. “मामा, हें घरा हाडूं?” त्याला हे यंत्र फोंड्याच्या घरी आणायचं होतं. आपल्याकडे असं एक तरी असावं, मुलांना दाखवता येईल, वगैरे. मन मोहून गेलं, खोटं कशाला बोला. आपल्याकडे मुलांसमोर यंत्रं येतात ती कुठली? १९७६ साली, न्यूयॉर्कने पिनबॉलला मोकळं केलं त्याच वर्षी, गोव्यात जुगारबंदीचा कायदा झाला आणि १९९२ साली त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला वाट दिली. मग मांडवीत बोटी आल्या. स्लॉट मशीनमध्ये बटण दाबणं एवढंच माणसाचं काम, पुढचं सगळं यंत्राच्या मर्जीवर. पिनबॉलवाल्यांनी तर जुगाराचा आळ टाळायला १९६० पासून अशीही यंत्रं काढली की ज्यांत जिंकल्यावर फुकट खेळसुद्धा मिळत नाही, फक्त त्याच खेळात आणखी एक गोळी मिळते. हाताला काम आणि डोळ्याला शिक्षण देणारं यंत्र आमच्या पोरांनी बघावं असं कुणाला वाटणार नाही?

तरीही मी नाही म्हटलं, आणि त्यावर ठाम आहे. शंभर किलोच्या वरचं ते धूड बोटीने येईल, पैसे मोजले की काय येत नाही. पण इथे आल्यावर पहिला पाऊस त्याला खाईल. आपल्या जून-जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, पेटीच्या आतले सूर गंजतात, भात्याचा कागद सुटतो. तिथे प्लायवूडचा पाट, उघड्या चांदीच्या पट्ट्या आणि काचेवरचा पातळ रंग किती दिवस टिकणार? वर्षभर एसी लावायचा म्हणजे पुन्हा ते दिवाणखान्यातलं देवघर झालं. शिवाय वीज. तिथली ११०-१२० व्होल्ट, आपली २३०, तेवढं ट्रान्सफॉर्मरने जमतं. पण तिथली वीज सेकंदाला ६० हेलकावे घेते, आपली ५०. मोटर जवळपास सहाव्या हिश्श्याने मंद चालणार, घंटेचे ते पाच ठोके रेंगाळणार. पेटीची पट्टी उतरल्यासारखं! आणि सर्वांत मोठी अडचण माणसांची. तिथे सुटे भाग बनवून विकणारे आहेत, नकाशे मिळतात, शेजारच्या गावातला एक निवृत्त इलेक्ट्रिशियन शनिवारी येऊन बसतो, हातात कानस घेऊन. इथे भाचा परत गेल्यावर कोण? मी? मला अजून लाल आणि नारिंगी तार ओळखता येत नाही.

म्हापशाला माझा पेटीवाला आहे. सूर चढवायचा तर पत्तीच्या टोकाशी घासायचं, उतरवायचा तर मुळाशी, आणि दोन्हीकडे एक हात जास्त झाला की पत्ती गेली. चाळीस वर्षं हेच करतोय. मुलगा दुबईत आहे, दुकानात दुसरं कुणी नाही. भाच्याच्या यंत्रावर जो खर्च बोटभाड्यापोटी होईल तेवढ्यात एखादा पोरगा दोन वर्षं ह्या माणसाच्या हाताखाली बसवता येईल, असा मी हिशेब मांडला आणि भाच्याला पाठवला. त्याने अजून पैसे पाठवलेले नाहीत, पण नाहीही म्हटलेलं नाही. मात्र यंत्र तिथेच ठेवायचं त्याने कबूल केलं. त्याची अकरा वर्षांची मुलगी आता पट्ट्या घासायला शिकली आहे, तारेला हात लावायच्या आधी फोटो काढून ठेवते आणि काय केलं ते वहीत लिहिते, तारीख घालून. बापापेक्षा तिचा हात हलका आहे, असं शनिवारच्या त्या म्हाताऱ्याचं म्हणणं.

“मगीर मामा, तूंच यो खेळूंक,” भाचा फोनवर म्हणाला. तिकिटाचा भाव बघून सांगतो म्हटलं.